अकरा दिवसांची कैफियत

माझ्या दोघा नातवंडांना,

गेल्या महिन्यात धाकटीनं मला फोनवर तिचा निबंध वाचून दाखवला. कायद्याच्या कॉलेजात प्रवेश हवा तर असा निबंध लागतो म्हणे. त्यात एक वाक्य होतं : माझे पणजोबा अमरावतीला वकील होते आणि गरीब सैनिकांची बाजू ते एक पैसाही न घेता मांडत. मी "छान लिहिलंस" म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ते वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. ही गोष्ट आपल्या घरात कितीतरी वर्षं सांगितली जाते आणि मी ती कधी अडवली नाही. सैनिक अनेक नव्हते, एकच होता. पैसे घेतले नाहीत, एवढं खरं आहे. बाकी काय झालं ते जाणणारी आता मी एकटीच उरले आहे, आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिता आलं असतं. पण या प्रकरणात माझ्या इंग्रजीनं करायचं तेवढं काम करून ठेवलेलं आहे.

ते १९५८ सालच्या उन्हाळ्यात घडलं. मी बी. ए. झाले होते, लग्न ठरायचं होतं, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांच्या ऑफिसात मी टाइपरायटर चालवत असे. आमचं घर अंबागेटच्या आत होतं. पुढची खोली ऑफिसची, तिच्या पुढे ओटा, ओट्याला लागून रस्ता. पक्षकार ओट्यावर बसत. कोणी खुर्चीपर्यंत यायचं आणि कोणी ओट्यावरच थांबायचं, हे कुणी कुणाला सांगत नसे. सगळ्यांना माहीत असे.

उन्हाळ्यात कोर्ट सकाळचं असायचं. अण्णा बारापर्यंत घरी येत. त्या दिवशी मी दहा वाजता खोलीत आले तेव्हा ओट्यावर एक शिपाई उभा होता. बसलेला नव्हता, उभा. खाकी वर्दी, बूट चकचकीत, अंगानं काटक, वय तिशीच्या आतबाहेर. रस्त्याच्या पलीकडे भिंतीच्या सावलीत त्याची बायको गाठोडं घेऊन बसली होती. दुपारची गाडी बडनेऱ्याहून होती आणि ती त्याला गाडीत बसवून द्यायला आली होती.

आईनं त्याला पाणी विचारलं आणि तांब्या घेऊन ती ओट्यावर गेली. तांब्या उंच धरून ती उभी राहिली, त्यानं ओंजळ पुढे करावी म्हणून. त्यानं तांब्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"राहू द्या, माय," तो म्हणाला. "तहान नाही."

"वर्दीत आहे ना, आता पाणीसुद्धा लागत नाही यांना," आई आत येऊन म्हणाली. आई वाईट नव्हती असं मी इतकी वर्षं म्हणत आले.

मला काही काम नव्हतं. मी दारात खुर्ची ओढली आणि त्याला काय हवं ते विचारलं. तो तिवशाकडच्या एका खेड्यातला होता. त्याच्या वस्तीनं दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. देव नदीत सोडले आणि गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावानं त्याचा सूड पाण्यावर काढला. ज्या वावरातल्या विहिरीवर वस्ती पाणी भरत होती, तिला काटेरी कुंपण पडलं. बायका दीड कोसावरून, नाल्यातला झिरा उकरून पाणी आणू लागल्या. तो रजेवर आला तेव्हा वस्तीनं स्वतःची विहीर खणायला घेतली होती, आणि वीस हातांवर काळा दगड लागला होता.

"मंग सुरुंग पाह्यजे, बाई," तो म्हणाला. "सुरुंगवाला गावाच्या भेवानं येऊन नाही राह्यला. मले ते काम येते. पलटणीत तेच करतो मी. दगड फोडणं, रस्ता काढणं. बारा वर्स झाले."

"मग?"

"मंग काय? रजा सरली अन् दगड सरला नाही. मी गेलो असतो तं ते भोक तसंच राह्यलं असतं. अकरा दिवस जास्त लागले. परवा पाणी लागलं." हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. "बुढ्या बाया त्या पाण्यात नाचल्या, बाई. चिखल नुसता."

रजेपेक्षा जास्त दिवस राहणं हा फौजेत गुन्हा असतो, पण तो लहान गुन्हा. त्याच्या सुभेदारानं रजेवर निघतानाच बजावलं होतं म्हणे, की उशीर झालाच तर साहेबापुढं सरळ सांगायचं. चौदा दिवस कोठडी होईल, ती भोगायची आणि पुन्हा परेडला लागायचं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला विचारलं, मग वकील कशाला?

"सायबापुढं मले बोलता नाही येत," तो म्हणाला. "टोपी काढतेत, पट्टा काढतेत, लेफ्ट-राइट करून आत नेतेत. पाय जुळवून उभा राह्यलो का माही जीभच उचलत नाही. कागद असला म्हंजे बरं. कागद बोलते. अन् तीन वर्स राह्यले, बाई. पंधरा झाले का पेन्शन. नोकरी जाऊ नये, बस."

ही त्याची मागणी होती. नोकरी राहावी, आणि विहिरीची गोष्ट कागदानं सांगावी.

मी कागद चढवला आणि टाइप करायला बसले. पाऊण तासात एक पान झालं. कुंपण, झिरा, काळा दगड, सुरुंग, अकरा दिवस, पाणी. शेवटी, उशीर झाला हे मला मान्य आहे आणि जी शिक्षा होईल ती मी भोगीन. इतकं सरळ इंग्रजी मी कॉलेजात कधी लिहिलं नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. त्याच्याबद्दल काही वाटत होतं असं मी म्हणणार नाही. मला माझं पान आवडलं होतं.

बारा वाजता अण्णा आले. मागोमाग त्यांचा मुनशी, दाव्यांच्या कागदांचा बस्ता काखेत धरून. अण्णांनी पगडी काढून ठेवली, माझं पान उभ्या उभ्या वाचलं.

"इंग्रजी चांगलं आहे," ते म्हणाले. "दहापैकी आठ. पण ही कैफियत नाही, पोरी. हा कबुलीजबाब आहे."

तुम्हाला हे नीट समजावून सांगायला हवं, कारण सगळं इथेच बिघडलं. दिवाणी दाव्यात दुसऱ्या बाजूच्या अर्जाला जो लेखी जबाब द्यायचा, त्याला कैफियत म्हणतात. ती लिहिण्याची आमच्याकडे एक रीत होती : काहीही कबूल करायचं नाही. वादीनं लिहिलं की सूर्य पूर्वेला उगवतो, तरी उत्तर द्यायचं, मजकूर नाकबूल, वादीनं शाबीत करावा. अण्णा त्यात वाकबगार होते. तीस वर्षं त्यांनी जमिनीचे, बांधांचे, वाटण्यांचे दावे याच रीतीनं लढवले होते. फौजेचा कायदा त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता. पाहायची गरज आहे असंही त्यांना वाटलं नाही.

"किती दिवस जास्त राहिलास?" त्यांनी दारातून विचारलं.

"अकरा, साहेब."

"अकरा कोण म्हणतो?"

तो गोंधळला. "पासावर तारीख हाय न, साहेब."

"पासावर तारीख आहे असं तू म्हणतोस. मी म्हणत नाही. पासावर सही कोणाची?"

"कमांडिंग साहेबाची."

"तू सही करताना पाहिलीस?"

"नाही, साहेब. बाबूनं आणून देली."

"बघ!" अण्णा मुनशीकडे वळले. मुनशी हसला. "सही शाबीत नाही, तारीख शाबीत नाही, आणि हा बाबा अकरा दिवस गळ्यात बांधून घ्यायला निघालाय."

"पण साहेब, विहिरीचं..."

"कारण दिलं की उशीर कबूल केला. कळतं का? विहीर गावात राहू दे."

"सुभेदार साहेब म्हणत होते, सरळ सांगाचं..."

"मग सुभेदाराकडे जा," अण्णा म्हणाले. "त्याची सनद कुठल्या कोर्टाची आहे?"

 तो हळूच म्हणाला, "तुमी म्हणसान तसं, साहेब. आता कायदा आपला हाय. आमच्या माणसानं लिवला."

"लिहिला असेल," अण्णा म्हणाले. "वाचायला मात्र आमच्याकडेच यावं लागतं."

मुनशी पुन्हा हसला. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

अण्णांनी माझं पान उलटं केलं आणि त्याच्याच पाठीवर पेन्सिलीनं मुद्दे काढले. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. तीन पानं झाली. मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा आरोप नाकबूल. रजेच्या पासावरची तारीख नाकबूल. पासावर कमांडिंग ऑफिसरची सही असल्याचं नाकबूल, फिर्यादी पक्षानं ती शाबीत करावी. या सगळ्यात विहिरीचं नाव नव्हतं. ती कैफियत जो माणूस वाचणार होता, त्याचीच ती सही होती. हे अण्णांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. सांगायला मी मान वर केली, तेव्हा ते घड्याळाकडे पाहत होते. मी पुढचा परिच्छेद टाइप केला.

अण्णांनी फी घेतली नाही. "फौजी माणूस आहे," ते म्हणाले आणि जेवायला आत गेले. ज्या फीबद्दल आपलं घर इतकी वर्षं बोलतं, ती ही.

पाकीट मी त्याच्या हातात दिलं, वरून सोडून. बायको रस्ता ओलांडून ओट्याच्या पायरीशी आली होती.

"बाई," तो म्हणाला, "ह्याच्यात विहिरीचं लिवलं हाय ना?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले? साठ वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर बदलत आले आहे. अण्णा आत ऐकत असतील, गाडीची वेळ झाली आहे, समजावून सांगत बसलं तर तासभर जाईल, अशी पुष्कळ उत्तरं आहेत. खरं उत्तर एवढंच, की मला भूक लागली होती, आणि त्याला कळलं काय न कळलं काय, यानं काही फरक पडतो असं मला त्या क्षणी वाटलं नाही.

त्याची बायको मात्र हलली नाही. ती माझ्याकडे सरळ पाहत होती.

"एक डाव वाचून दाखवा न, बाई," ती म्हणाली. "आपल्या बोलीत."

"इंग्रजीत आहे. तुला कळायचं नाही."

"मले नाही कळत, तुमाले तं कळते न? तुमी सांगा, आमी आयकतो."

"चाल न वं," तो तिला म्हणाला. "बाई शिकलेल्या हायेत. खोटं काहून बोलतीन?"

"गाडी चुकेल तुमची," मी म्हणाले आणि दार लावलं.

तो परत आला तेव्हा पावसाळा संपत आला होता. अंगात पांढरा सदरा होता, पायात काही नव्हतं. तो ऑफिसच्या दाराशी उभा राहिला, हातात एक घडी घातलेला कागद. आत दोन पक्षकार खुर्च्यांवर बसलेले होते. अण्णांनी त्याला ओळखलं नाही. मी ओळखलं.

त्यानं सांगितलं ते असं. त्याला टोपी आणि पट्टा काढून साहेबापुढं उभं केलं. साहेब खुशीत होता. अकरा दिवस का, असं त्यानं विचारलं. यानं पाकीट पुढे केलं. साहेबानं पहिलं पान वाचलं आणि हसला. दुसरं वाचलं आणि हसायचं थांबला. मग त्यानं रजेचा पास टेबलावर ठेवून त्यावर बोट टेकवलं.

"म्हणे, ये साइन किसका है? मी म्हणलो, आपका, साहब. म्हणे, और ये कागज में क्या लिखा है, मालूम है? मी म्हणलो, सब सच लिखा है, साहब. म्हणे, पूरा सच? मी म्हणलो, पूरा, साहब. एक-एक बात सच है." तो माझ्याकडे पाहत होता. "तीन डाव इचारलं त्यानं, बाई. तिन्ही डाव मी तसंच म्हणलो. मंग तो उठून उभा राह्यला."

चौदा दिवसांची कोठडी तिथेच बाजूला पडली. साहेबाला, साहेबाच्या तोंडावर, त्याची सही खोटी असेल असं लिहून देणारा शिपाई त्यानं पाहिलेला नव्हता. त्यानं प्रकरण वाढवलं. काही दिवसांनी छोटं कोर्ट मार्शल बसलं. त्यात न्यायाधीश तोच साहेब असतो. आरोपीला मदतीला एक माणूस देतात, तसा पलटणीतला एक बाबू याला दिला. बाबूनं विचारलं, काही सांगायचं आहे का? हा म्हणाला, सगळं कागदात हाय. शिक्षा झाली बडतर्फीची. नोकरी गेली, बारा वर्षं गेली, पेन्शन गेलं. त्याच्या हातातला कागद त्याच निकालाचा होता, आणि तो कुठल्या सरकारी दारात चालणार नाही हे त्याला तिथेच सांगितलं होतं.

"त्या आठवड्यात अजून एक जण उशिरा आल्ता," तो म्हणाला. "सोळा दिवस. बायकोच्या भावाचं लगन होतं म्हणे. त्याले चौदा दिवस कोठडी झाली. आता परेड करून राह्यला तो."

मग त्यानं जे म्हटलं त्याची मला तयारी नव्हती.

"आमचा साहेब सुरुंगाचाच माणूस, बाई. मले वाटलं, दगड फोडून पाणी काढलं म्हणल्यावर खुश होईन. पण नाही पटलं त्याले विहिरीचं. वाचलं अन् नाही पटलं."

विहिरीचं साहेबानं वाचलंच नव्हतं. ते अण्णांच्या पेन्सिलीच्या मुद्द्यांच्या मागच्या बाजूला होतं. हे त्या खोलीत मला माहीत होतं आणि अण्णांना. मी अण्णांकडे पाहिलं. पक्षकारही पाहत होते.

"विहिरीला पाणी लागलं ना?" अण्णा त्याला म्हणाले.

"हो, साहेब."

"मग पी."

एका पक्षकाराला हसू आवरलं नाही.  शिपायानं सवयीनं टाचा जुळवल्या, अनवाणी टाचा, आणि गेला.

संध्याकाळी मी अण्णांना म्हटलं, आपलं चुकलं. ते रागावले नाहीत. "कैफियतीत काही चूक नव्हती," ते म्हणाले. "पूरा सच आहे म्हणायला त्याला कोणी सांगितलं? साक्षीदार मूर्ख निघाला की चांगला दावा जातो." पुढे काही वर्षं ते ही गोष्ट जेवणाच्या पंगतीत सांगत. साहेबाची नक्कल छान करत. त्यातली बडतर्फी हळूहळू गळाली, मग साहेब गळाला. उरलं ते फी न घेतलेलं.

१९६० साली मी लग्न होऊन अकोल्याला आले. तुमचे आजोबा तिथे कॉलेजात शिकवत होते. दोन वर्षांनी चीनशी युद्ध झालं. तुम्हाला त्या दिवसांची कल्पना येणार नाही. बायका स्वेटर विणत होत्या, अंगठ्या काढून देत होत्या, आणि मैदानात फौजेची भरती लागली होती. आम्हा शिकलेल्या बायकांच्या मंडळानं भरतीला आलेल्यांसाठी चहाचं टेबल लावलं. मी कपबशा मांडत होते तेव्हा मला तो रांगेत दिसला. अंगावर कापसाचा कचरा होता. जिनिंग कारखान्यात कापसाच्या गासड्या उचलत होता, हे मला नंतर कळलं.

त्याचा नंबर आला. त्यानं कागद पुढे केला. टेबलावरच्या हवालदारानं तो वाचला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे, तू तो निकाला हुआ है!" रांगेत हशा पिकला. "आबे, ह्याले घ्या न," कोणीतरी ओरडलं, "चिन्यायच्या अंगावर सोडा, त्यायलेच बडतर्फ करून येईन!"

तो रांगेतून निघून चहाच्या टेबलाशी आला. त्यानं कप उचलला, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "झाली का निवड?"

"नाही जी."

"मग हा चहा जवानांसाठी आहे हो," त्या गोड आवाजात म्हणाल्या. त्यानं कप खाली ठेवला. मी साखरेचा डबा बंद केला, पुन्हा उघडला. तेव्हा त्यानं मला पाहिलं.

"बाई, तुमी!" त्याला खरंच आनंद झाला होता. "आता एक कागद लिवसान का? तवाचा साहेब वेगळा होता. वरच्या सायबाले विहिरीचं पटन. आता तं त्यायले सुरुंगाचे माणसं लागून राह्यले."

मी त्याला रविवारी घरी बोलावलं. आणि त्याच रात्री अण्णांना पत्र लिहिलं, की मी सगळं खरं लिहिणार आहे. उलट टपाली कार्ड आलं. "माझं नाव त्या अर्जात आलं तर अमरावतीच्या घरी पाय ठेवू नकोस," एवढीच अण्णांची ओळ. मी तेव्हा गरोदर होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं.

तरी मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. कुंपण, झिरा, दगड, सगळं पुन्हा आणलं. वर पाठवायचा अर्ज होता, शिक्षा रद्द व्हावी म्हणून. एकाच ठिकाणी अडले. हे कारण आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर लिहायला हवं होतं. खरं उत्तर दोन ओळींचं होतं : वकिलानं ते काढून टाकलं आणि टाइप करणारीनं अर्जदाराला खोटं सांगितलं. मी लिहिलं, गैरसमजुतीमुळे ते राहून गेलं. एवढंच.

रविवारी तो बायकोला घेऊन आला. ती आत यायला तयार नव्हती. उंबऱ्यातच बसली.

"यावक्ती वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी मराठीत वाचून दाखवलं. सावकाश, वाक्यावाक्यानं. बुढ्या बाया चिखलात नाचल्या हे ऐकून तो मोठ्यानं हसला, आणि तिनं डोळ्याला पदर लावला. ते एक वाक्य मी वाचलं नाही. वाचलं असतं तर पहिल्या कागदात विहीर नव्हती हे त्यांना कळलं असतं. अर्ज पुरा झाल्यावर ती म्हणाली, "हे बराबर हाय." त्यानं सही केली, आणि उत्तरासाठी पत्ता माझा दिला, कारण त्याच्या झोपडीला पत्ता नव्हता.

तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येई. फाटकाशी उभा राही.

"आलं का, बाई?"

"नाही अजून."

उत्तर पाचव्या महिन्यात आलं. मी बाळंतपण उरकून अमरावतीहून नुकतीच परतले होते, तुमची आई सव्वा महिन्याची होती. एकच पान होतं. अर्जदाराला कारण सांगण्याची पूर्ण संधी मिळाली होती. त्यानं तेव्हा लेखी वेगळंच सांगितलं, आणि तेच पूर्ण सत्य असल्याचं तोंडी तीन वेळा म्हटलं. गैरसमज कोणाचा आणि कसा झाला, याचा खुलासा अर्जात नाही. सबब अर्ज नामंजूर.

खुलासा मागितला होता. मी तो देऊ शकत होते. दोन ओळी होत्या.

पुढच्या रविवारी तो आला.

"आलं का, बाई?"

हो म्हटलं असतं तर ते वाचून दाखवावं लागलं असतं. ते वाचलं असतं तर त्यानं विचारलं असतं, वेगळंच म्हंजे काय, बाई?

"नाही," मी म्हणाले.

असं मी त्याला आठ-नऊ महिने सांगितलं. मधे एकदा त्याची बायको बरोबर होती. "फौजेचं टपाल बैलगाडीनं येते का हो, बाई?" तिनं विचारलं, आणि मी हसले. मग तो दोन महिन्यांनी येऊ लागला. एका दिवाळीनंतर आलाच नाही. जिनिंगमधून त्याला काढलं म्हणून कोणीतरी सांगितलं, दुसरं कोणी म्हणालं की ती दोघं धामणगावकडे गेली. मी चौकशी केली नाही. अण्णा पाच वर्षांनी गेले. त्यानंतर ते कार्ड मला अडवत नव्हतं. तेव्हाही मी लिहिलं नाही. तेव्हा मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती आणि मी इंग्रजी निबंध शिकवत होते.

निबंधातलं ते वाक्य ठेवायचं की काढायचं, ते धाकटीनं ठरवावं. मी तिला काही सांगणार नाही.

फौजेचं ते उत्तर अजून आहे. माझ्या लोखंडी कपाटात मधल्या खणात आहे. पाकिटावर पत्ता माझा आहे, नाव त्याचं.